नुसतं पाणी

“मेलं, एवढं धुतो, एवढं धुतो, तरी रोज आपलं तेच.”

न्हाणीघरातून आवाज आला. आत आमचे हे होते आणि फळीच्या अलीकडे, मागच्या पडवीत, मी होते. आमचं देवळाचं घर. गणपतीच्या पूजेचा मान पिढीजात. त्यामुळे महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं इतर घरांतून बंद होऊन वर्षं झाली तरी आमच्याकडे चालूच होतं. बसायची जागा आणि न्हाणी यांच्यामध्ये आंब्याच्या फळ्यांची भिंत, तीही सुकून आक्रसलेली. दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं येई. मी झावळीचे हीर काढत बसले होते. केरसुणीच्या कामाला विटाळ नसतो.

पलीकडे तांब्या वाजला. मग साबण घासल्याचा आवाज, पुन्हा तांब्या, आणि मग दातांतून ओढलेला श्वास. स्स्.

“काय हो, पाणी पोळलं का?” मी विचारलं.

पलीकडे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज.

“तू आहेस होय तिथं,” हे म्हणाले.

“कालपासून. वरच्या आळीलासुद्धा कळलंय. तुम्हालाच पत्ता नाही.”

“बरं, बरं.”

“मग पोळलं की नाही?”

“नाही पोळलं. तू तुझं काम कर.”

मी केलं. पण हीर काढताना कान रिकामे असतात. पुन्हा तांब्या, पुन्हा स्स्. ह्यांचं नाव मुकुंद पाध्ये. तेव्हा पन्नाशीला आलेले, अंगानं सडपातळ आणि स्वभावानं त्याहून सडपातळ. कुणाला जड होणार नाहीत असे. दिवाळीपासून हे ओटीवर झोपायला लागले होते. म्हणाले, माघातला उत्सव आलाय, यंदा अभिषेकाचा मान आपल्या घराचा, व्रतस्थ राहावं. दिवाळीपासून माघ म्हणजे व्रत जरा फारच लांबून धरलं होतं. मी मनातल्या मनात सगळ्या शक्यता उलटसुलट करून बघितल्या. दुसरी बाई म्हणावी तर आमच्या खारशेतात ते कठीण होतं. गावात घरं थोडी आणि डोळे फार. राहिली एकच शक्यता, की मी नकोशी झाले. चाळिशीतल्या बाईला ती शक्यता खरी वाटायला फारसे पुरावे लागत नाहीत. आरसा असला की झालं.

“अहो,” मी फळीला म्हटलं, “कुठं दुखतंय?”

“कुठं नाही.”

“कुठं नाही, तर आवाज कसला?”

 मग अगदी हळू, जणू बादलीतल्या पाण्यालाच सांगत असावेत तसं म्हणाले, “चिरा पडतात.”

“पायाला?”

“नाही.”

“हाताला?”

“अगं, नाही.”

मग मी पुढचे अवयव मोजले नाहीत.

समोरासमोर असतो तर त्या माणसानं जन्मात तेवढंही सांगितलं नसतं. मधली फळी, त्यात मी अस्पर्श, त्यामुळे मी उठून आत येण्याची भीती नाही. त्यानं त्यांना बळ आलं असावं.

“कधीपासून?”

“नवरात्रापासून. आधी नुसती खाज होती. मग लाल झालं. आता जरा ताणलं की फाटतं. कागदासारखं.”

“रक्त?”

“थोडं. धोतराला लागतं.”

“म्हणून हल्ली स्वतःचं धोतर स्वतः धुता. मला वाटलं, सोवळं वाढलं.”

“लघवी लागली की जीव जातो,” ते म्हणाले.

“आणि रक्त येत असताना पूजेला कसे बसता?”

“थांबेपर्यंत धुतो. थांबलं की बसतो.”

यावर माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. चार दिवस बाजूला, कांबळ्यावर बसवलेल्या बाईच्या तोंडाशी जे यायचं तेच. मी ते गिळलं. पलीकडच्या आवाजात ते ऐकून घ्यायची ताकद नव्हती. आणि खरं सांगायचं तर माझ्या छातीवरचा धोंडा त्याच वेळी उतरत होता. दुसऱ्याच्या दुखण्यानं आपल्याला हलकं वाटावं ही काही चांगली गोष्ट नाही, पण वाटलं.

“डॉक्टरांकडे जाऊ,” मी म्हटलं.

“काय सांगू त्यांना?”

“आत्ता मला सांगितलंत तेच.”

“तुला कुठं सांगितलं? तू विचारलंस.”

---

अंगावरून पाणी घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही तालुक्याला गेलो. माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कापूर आणि पत्रावळी आणायला जातो म्हणून सांगितलं. माईंचं सोवळं गावात प्रसिद्ध होतं. दूधवाल्यानं चरवी ठेवली की त्या आधी चरवीवर पाणी सोडायच्या, मग दुधावर सोडायची राहिली म्हणून हळहळायच्या, असं माझे दीर म्हणत. माईंनी ह्यांच्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “पत्रावळीला दोघं कशाला?”

“जड असतात,” मी म्हटलं.

डॉक्टर खोतांचा दवाखाना एसटी स्टँडच्या मागे. खोत म्हणजे पांढऱ्या दाढीचे, चहा गार होईपर्यंत विसरणारे आणि मग तो तसाच पिणारे गृहस्थ.

“काय होतंय, गुरुजी?”

“अशक्तपणा,” हे म्हणाले.

“अशक्तपणा नाही,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ते गेल्या वर्षीचं होतं.

“कातडीचं आहे ह्यांना,” मी म्हटलं. “जिथं आहे ते ते दाखवतील.”

“वहिनी, बाहेर बसता का जरा?”

“राहू दे तिला,” हे एकदम म्हणाले.

मग ते पडद्याआड गेले आणि मी स्टुलावर बसून राहिले. माझा संसार बहुधा आडूनच ऐकायचा होता. फळी नाही तर पडदा.

“हं,” डॉक्टर आतून म्हणाले. “नाही, नाही, जबरदस्तीनं मागे ओढू नका. असू द्या. दिवसातून किती वेळा धुता?”

“आंघोळीच्या वेळी.”

“आंघोळ किती वेळा?”

“तीनदा. उत्सवात जास्त.”

“साबण?”

“तो लाल. जंतू मरतात तो.”

“आणखी काय?”

“पाण्यात औषध टाकतो. बाटलीतलं, जखमेवरचं. पाणी पांढरं होईपर्यंत.”

“आणखी?”

“ट्यूब लावतो.”

“बघू.”

बंडीच्या खिशातून ट्यूब निघाल्याचा आवाज आला. पिळून पिळून चपटी झालेली असावी, कारण डॉक्टरांना नाव वाचायला वेळ लागला.

“ही कुणी दिली?”

“मेडिकलवाल्यानं.”

“त्याला काय सांगितलंत?”

हे नुसते खाकरले.

“गुरुजी, काय सांगून घेतलीत?”

“पायाच्या बोटांत झालंय म्हणून.”

मी पदर तोंडात कोंबला. हसू आलं होतं की रडू, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

डॉक्टर हसले नाहीत. पडदा सारून बाहेर आले, हात धुतले, खुर्चीत बसले. हे कासोटा नीट करून येईपर्यंत थांबले.

“असं बघा, गुरुजी. तिथली कातडी पापणीसारखी असते. इतकी पातळ. पापणीला तुम्ही दिवसातून तीनदा लाल साबण लावाल का? त्यावर ते औषधाचं पाणी. त्यातून जी चीर पडली तिच्यावर पायाची ट्यूब. ह्या ट्यूबमधलं औषध आठ दिवस बरं वाटवतं. खाज थांबते. पण महिनोन्‌महिने लावलं की कातडी आणखी पातळ करतं. मग पुन्हा फाटते, मग तुम्ही पुन्हा धुता.”

“मला वाटलं, कुठंतरी घाण राहतेय,” हे म्हणाले.

“तुम्ही घाणेरडे नाही आहात. जरा जास्तच धुतलंत, एवढंच.”

ह्यांनी मान खाली घातली. मला तेव्हा समजलं की चार महिने हा माणूस स्वतःला काय समजत होता.

“आणखी एक बघू,” म्हणून डॉक्टरांनी शेजारच्या लॅबमधल्या मुलीला हाक मारली. तिनं बोटाला टोचलं. आकडा बघून डॉक्टरांनी तो आम्हालाही दाखवला.

“साखर आहे तुम्हाला. चांगली वाढलेली. गोड किती खाता?”

“मी गोड खात नाही,” हे म्हणाले. “प्रसाद खातो.”

“रोज?”

“पेढे असतात. शिरा असतो. पंचामृत. लोकांनी ठेवलेलं टाकून कसं चालेल?”

“सुरुवात तिथनंच झालीय मग. लघवीतून साखर जाते, तिथं बुरशी धरते, खाज सुटते, कातडी चिरते. वहिनी, तुम्हाला काही त्रास? खाज वगैरे?”

“नाही.”

“बरं. ह्यांची कातडी बरी होईपर्यंत संबंध नको.”

“ते दिवाळीपासून बंदच आहे,” मी म्हटलं. “मला वाटलं, देवासाठी.”

हे माझ्याकडे वळले. इतका वेळ ह्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. स्टुलाच्या कडेवर माझा हात होता, त्याच्यावर डॉक्टरांदेखत स्वतःचा हात ठेवला. लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर हे पहिल्यांदा घडत होतं, त्यामुळे मी हात हलवला नाही.

डॉक्टरांनी मग सगळं नीट सांगितलं. साबण बंद. बाटलीतलं औषध बंद. नुसतं कोमट पाणी. घासायचं नाही, मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं. बुरशीवरचं मलम देतो ते पातळ, थोडे दिवस. वर व्हॅसलीनचा हात, म्हणजे लघवी झोंबणार नाही. आत सुती, सैल. कपड्यात धुण्याची पावडर राहता कामा नये. साखरेची गोळी, आणि प्रसाद कपाळाला लावून दुसऱ्याला द्यायचा. पुढं कधी पांढरे चट्टे दिसले किंवा कातडी आवळत चालली तर लपवून ठेवायचं नाही, रत्नागिरीच्या कातडीच्या डॉक्टरांना दाखवायचं.

“आणि ओल नको. ओलं कापड अंगावर अजिबात नको. ओल्यात बसून घासलं गेलं की सगळं मुसळ केरात.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“काय झालं?”

“ह्यांचा अभिषेक आहे,” मी म्हटलं. “आठवड्यावर आलाय. उत्सवाचे पाच दिवस. विहिरीवर बुडी मारून त्याच ओल्या धोतरानं बसायचं. उजाडल्यापासून आवर्तनं संपेपर्यंत.”

“किती वेळ?”

“तीन तास तरी.”

डॉक्टरांनी गार चहा उचलला, प्यायले आणि म्हणाले, “कोरड्यानं बसा.”

“तसं बसत नाहीत,” हे म्हणाले.

---

परत येताना एसटीत मी खिडकीशी, हे कडेला, मांडीवर पत्रावळ्यांचा गठ्ठा.

“विचारा ना आप्पांना,” मी म्हटलं. आप्पा म्हणजे ह्यांचे चुलते, वडलांच्या पाठचे. देवळात शेवटचा शब्द त्यांचा. “कोरडं सुती नेसून बसतो म्हणा.”

“कारण विचारतील.”

“सांगा, बरं नाही.”

“मोघम चालत नाही. माहितेय ना तुला.”

मला माहीत होतं. पाध्यांची पाच घरं. अभिषेकाचा मान पाळीपाळीनं एकेका घराकडे. मागच्या कुठल्याशा पिढीत एकानं ‘बरं वाटत नाही’ म्हणून मान सोडला आणि मुंबईला कुणा शेटजीकडे जास्त दक्षिणेच्या पूजेला जाऊन बसला. तेव्हापासून दंडक पडला. उत्सवाच्या आदल्या दिवशी पाचही घरांनी सभामंडपात जमायचं. ज्याचा मान त्यानं गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहायचं. बसायचं नसेल किंवा रीतीत काही बदल हवा असेल तर हातावर तीर्थ घेऊन, सगळ्यांदेखत, कारण स्पष्ट सांगायचं. कारण न सांगता सोडला तर मान त्या घरातून कायमचा जातो.

“मग सांगा, पाठ धरलीय.”

“देवापुढं खोटं बोलू?”

“मेडिकलवाल्यापुढं बोललात की.”

“तो काय देव आहे?”

पुढच्या बाकावरची कोळीण मागे वळून बघायला लागली, म्हणून मी आवाज खाली आणला.

“मग खरं सांगा.”

“सगळ्यांदेखत?” हे म्हणाले. “आप्पांदेखत? भावांदेखत, रघूदेखत? काय म्हणतील ते? तिथं रोग म्हटल्यावर माणसं एकच अर्थ काढतात. गुरुजी कुठं जाऊन आले, हेच बोलतील.”

“तुम्ही कुठं जाल? तुम्ही तालुक्याला एकटे जायला कंटाळता.”

“तुला माहितेय. लोकांना कुठं माहितेय?”

“मग मान सोडा.”

ह्यांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली. वर्षभर हा माणूस पंचांग बघून दे, सत्यनारायण कर, कुणाच्या वास्तुशांतीला जा, असं करत दिवस काढायचा. आपल्या घराचा अभिषेक आला की ते वेगळे दिसायचे. मी गाभाऱ्याबाहेरून बघितलेलं आहे. आवाजसुद्धा वेगळा लागायचा, भरलेला. पाच वर्षांतून एकदा ते पाच दिवस मिळायचे.

“बसेन ओलेत्यानं,” हे म्हणाले. “होईल ते होईल.”

---

घरी आल्यावर मी न्हाणीतला साबण उचलला आणि गाईच्या गोठ्यात नेऊन ठेवला. ती बाटली परसात ओतली. संध्याकाळी माई मला माजघरात म्हणाल्या, “न्हाणीतला साबण कुठाय?”

“काढला. डॉक्टरांनी नको म्हटलंय.”

“कुठले डॉक्टर? तुम्ही पत्रावळ्यांना गेला होतात.”

“तेही झालं.”

“कुणाला नको म्हटलंय?”

“ह्यांना.”

“का?”

“कातडीला.”

माई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला.

“कुठल्या कातडीला?”

मी विळीवरच्या पडवळाकडे बघत राहिले. त्याही बघत राहिल्या. सासू-सुनांनी एका पडवळाकडे इतका वेळ बघू नये.

“मग शिकेकाई काढते,” त्या शेवटी म्हणाल्या.

“नको. नुसतं पाणी.”

“नुसत्या पाण्यानं माणूस स्वच्छ होतो का?”

“डॉक्टर म्हणतात, होतो. साखरही निघालीय ह्यांना, गोड बंद. आणि ओल नको.”

“काय तरी एकेक,” म्हणून त्यांनी अडकित्ता चालवला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीतल्या दांडीवर मला एका मऊ जुन्या लुगड्याचे तुकडे दिसले. चौकोनी फाडलेले, कडा हातानं दुमडून शिवलेल्या, घडी करून ठेवलेले. ते माईंच्या एका नेहमीच्या नऊवारीचे होते. मी काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. विहिरीवर त्या स्वतः बसून ह्यांचं धोतर पुन्हा पुन्हा खळबळत होत्या, आणि देवळातून आलेला शिरा ह्यांच्या पानाशी न आणता गड्याच्या घरी पाठवत होत्या.

हे मात्र हट्टाला पेटलेले. मलम लावत होते, व्हॅसलीन लावत होते, पण सवयीचा हात चोळल्याशिवाय राहत नव्हता. पडवीत कामाला गेले की फळीपलीकडून मला ऐकू यायचंच. मग एका दुपारी मी देवळात गेले. पूजा आटोपून हे मूर्ती पुसत होते. आमची मूर्ती फार जुनी, दगड मऊ. शेकडो वर्षांच्या हातांनी सोंडेवरचं नक्षीकाम पुसट झालेलं. म्हणून ह्यांच्या वडलांनी चिंचेनं घासणं बंद केलं होतं.

हे मलमलीचा तुकडा मूर्तीच्या कानामागे नुसता टेकवत होते. टेकवायचा, थांबायचं, उचलायचा.

“देवाला घासत का नाही तुम्ही?” मी उंबऱ्याबाहेरून विचारलं.

“झीज होते. तुला माहितेय की.”

“मग मळ?”

“कसला मळ? रोज पाणी घालतो. नुसतं टिपलं तरी—”

हे थांबले. हातातल्या कापडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“देवळात तरी असलं बोलू नये,” हे म्हणाले.

“मी देवाबद्दलच बोलतेय.”

त्या दिवसानंतर फळीपलीकडून घासल्याचा आवाज आला नाही.

दोनतीन दिवसांत लाली उतरली. चालताना पाय फाकवून टाकत होते, तेही जरा कमी झालं. पण चिरा मिटल्या नव्हत्या. उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी मी विचारलं, “काय ठरवलंत?”

“उभा राहीन. जे तोंडातून येईल ते येईल.”

“आणि काही आलंच नाही तर?”

“तर बसेन ओलेत्यानं.”

माई दारात उभ्या राहून वाती वळत होत्या. त्यांच्या हातून कापूस सुटला नाही, मान वर झाली नाही.

---

उन्हं कलली तशी सगळी जमली. पुरुष सभामंडपात, बायका डावीकडच्या खांबांपलीकडे. आप्पा मध्ये पाटावर बसले. ते ऐंशीच्या घरातले, पण आवाज खणखणीत. त्यांच्या शेजारी रघूभावोजी, ह्यांचे चुलतभाऊ. पुढच्या वर्षीचा मान त्यांच्या घराचा. ह्यांनी सोडला तर यंदा तेच बसणार होते. कुणाला वाटेल, त्यांना ते हवंच असेल. तसं नव्हतं. लहानपणापासून ह्यांच्या मागे मागे फिरलेला माणूस तो.

हे उंबऱ्याशी उभे राहिले.

“मुकुंदा, बसतोस?” आप्पांनी विचारलं.

‘बसतो’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

“मला कोरड्यानं बसायचंय,” हे म्हणाले.

सभामंडपात चुळबुळ झाली. खांबाजवळच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं.

“कोरड्यानं?” आप्पा म्हणाले. “असं कुणी बसलंय का आजवर?”

“नाही.”

“मग कारण सांग. हात पुढं कर.”

हातावर तीर्थ पडलं. हे तसेच ओंजळीत पाणी घेऊन उभे.

“बरं नाही,” हे म्हणाले.

“बरं नाही म्हणजे काय? रीत ठाऊक आहे तुला.”

“दुखतंय.”

“काय दुखतंय?”

ह्यांच्या बोटांच्या फटींतून पाणी गळायला लागलं. रघूभावोजी जरा पुढं सरकले आणि हळूच म्हणाले, “दादा, पाठ म्हण ना.”

ह्यांनी मान हलवली.

“थंडीताप? सकाळी कणकण होती म्हण. कोण नाही म्हणणार आहे?”

“नाही रे रघू. ताप नाही.”

“मग काय आहे ते तरी सांग. मी तुझ्या बाजूनं बोलतो.”

 माझ्या तोंडात शब्द तयार होते. पण तिथं सुनांनी बोलायचं नसतं, आणि मी बोलले तर ह्यांचंच नाक कापलं जाईल, अशी भीतीही होती. मी खांबाला धरून पुढं सरकले. तेवढ्यात आप्पा म्हणाले, “कारण नसेल तर नेहमीसारखा बस. नाहीतर मान सोड. तिसरं काही नाही, मुकुंदा.”

“बसतो,” हे म्हणाले. “ओलेत्यानंच—”

“तो कोरडा बसेल.”

आवाज आमच्या बाजूनं आला. माई खांबापुढं जाऊन उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात अजून तो कापूस. त्या सभामंडपात माईंनी आरतीशिवाय तोंड उघडलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

“वहिनी,” आप्पा म्हणाले, “कारण त्यानं सांगायचं असतं.”

“त्याला सांगता येत नाही. मी सांगते. त्याची आई आहे, मी धुतलेलं आहे त्याला.” त्या एका जागी उभ्या राहून, स्वयंपाकात मीठ किती घालायचं ते सांगावं तशा बोलत होत्या. “त्याच्या लघवीच्या जागेची कातडी फाटलीय. चिरा पडल्यात, रक्त येतं. तो कुठं गेलेला नाही आणि त्यानं काही वाईट केलेलं नाही. साखर झालीय त्याला तुमच्या प्रसादानं. वर मी साबण देत गेले आणि तो घासत गेला. डॉक्टरांनी ओल नको म्हटलंय, म्हणून कोरडा बसेल.”

 आप्पांनी तोंड उघडलं, पण माईंनी कापूस धरलेला हात जरासा वर केला.

“ह्याच्या वडलांनाही तेच होतं, भावोजी. धोतरं मी धूत होते, मला दिसत होतं. ते शेवटपर्यंत ओलेत्यानं बसले. आणि मी त्यांना एकदासुद्धा विचारलं नाही, की अहो, तुम्हाला तिथं दुखतंय का.”